डिप्लोम्याला प्लास्टिक

देश सोडून जाणारी माणसं सगळ्यात शेवटी एफिमियाच्या दुकानात येत. समोर सरकारी कचेरी होती. तिथल्या तीन नंबरच्या खिडकीत कागदावर अपोस्टीलचा शिक्का मारून मिळे आणि तो बसला की मोल्दोव्हातला जन्म, मोल्दोव्हातलं लग्न, मोल्दोव्हातलं शिक्षण परदेशातही खरं धरलं जाई. त्या खिडकीकडे जाण्याआधी झेरॉक्स, फोटो, भाषांतर, भाषांतराच्या पानांना दोऱ्याची शिवण, असं काही ना काही लागतंच, म्हणून सगळे रस्ता ओलांडून आधी इकडे येत. कोण कुठे चाललाय आणि बायकोला सांगून चाललाय की न सांगता, हे एफिमियाला त्याच्या आईच्या आधी कळे. फोटोसाठी बसताना बायका एक तर रडत किंवा ओठ रंगवत. रडणाऱ्या दोन वर्षांत परत येत. ओठ रंगवणाऱ्या पुन्हा दिसत नसत. हा हिशोब तिनं नुसत्या निरीक्षणावर बसवला होता आणि तो फारसा चुकत नसे.

गावाला प्लास्टिकचं भारी वेड. ज्यांनी डोळ्यांदेखत सोव्हिएत युनियनसारखा एक अख्खा देश नाहीसा झालेला पाहिला, त्यांचा कागदावरचा विश्वास उडायला हवा होता. यांचा उलट वाढला. हाती लागेल त्या कागदाला ही माणसं लॅमिनेशन करून आणत. जन्मदाखले, बाप्तिस्म्याचे दाखले, कुणी तर कुत्र्याच्या लसीचं कार्डसुद्धा. आणि गंमत अशी, की प्लास्टिक घातलेल्या कागदावर अपोस्टील बसत नाही. शिक्का कागदावर लागतो. प्लास्टिकवर मारला तर बोटानं पुसून जातो. एक धिप्पाड गवंडी यापायी दुकानात लहान मुलासारखा रडला, तेव्हापासून एफिमियानं भिंतीवर बोर्ड लावला होता: "परदेशी न्यायच्या कागदाला प्लास्टिक घालू नका. आधी विचारा." रुमानियन आणि रशियन, दोन्हींत, मोठ्या अक्षरांत.

मार्चमधल्या एका सकाळी रांगेत आग्लाया उभी राहिली.

आग्लाया म्हणजे गावच्या हॉस्पिटलातली हेड सिस्टर. अकरा वर्षांपूर्वी एफिमियाही तिथंच सिस्टर होती. हॉस्पिटलात रोज सकाळी 'पाच मिनिटं' भरत. नाव सोव्हिएत काळातलं, सभा चालायची पाऊण तास. रात्रपाळीची सिस्टर उभी राहून कोण दगावलं, कोण बरं झालं ते वाचून दाखवी आणि मोठे डॉक्टर डुलक्या घेत. अशाच एका सकाळी आग्लाया उठली आणि म्हणाली, कपाटातल्या मॉर्फीनच्या चार कुप्या कमी आहेत आणि काल रात्री किल्ली एफिमियाकडे होती. बस्स. सगळ्यांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं. शेजारच्या रईसानं खुर्ची जराशी बाजूला सरकवली. तमारा हसली. मोठे डॉक्टर पोगोर म्हणाले, "मुकाट्यानं राजीनामा द्या, आम्ही पोलिसांना बोलावत नाही." एफिमिया मुकाट्यानं गेली, आणि तिच्या त्या मुकाटपणालाच गावानं कबुलीजबाब धरलं.

कुप्या कुठे गेल्या ते तिला त्याच संध्याकाळी कळलं होतं. आग्लाया तिच्याच इमारतीत, त्याच जिन्यावर राहायची. आग्लायाचा नवरा हाडांच्या कॅन्सरनं पडून होता आणि महिनाभर अख्खा जिना त्याचं ओरडणं ऐकत होता. त्या संध्याकाळपासून दोन रात्री मात्र तो गप्प झोपला. आग्लाया दार वाजवून मागायला आली असती, तर एफिमियानं स्वतःच्या हातानं कुप्या काढून दिल्या असत्या आणि नोंदीत "फुटल्या" असं लिहून मोकळी झाली असती. आग्लायानं मागितल्या नाहीत. नेल्या, आणि वर तिच्या नावावर टाकल्या.

"फिमे! अगं किती बारीक झालीस!" आग्लाया काउंटरवर ओणवी झाली.

"दिवसभर उभी असते. काय हवंय?"

"अशी तुटक नको बोलूस बाई. झालं गेलं मनात ठेवू नये. मी तर दर रविवारी चर्चमध्ये तुझ्या नावाची मेणबत्ती लावते."

"जिवंतांच्या बाजूला लावतेस ना, मेलेल्यांच्या नाही?"

रांगेत हशा पिकला. आग्लायाही हसली, कारण तिला काम होतं. तिनं पिशवीतून नर्सिंगचा डिप्लोमा काढला. जुना, कोपरे पिवळे पडलेला, पण धड. मुलगी इटलीत पादोव्हाला होती, तिनं तिथल्या वृद्धाश्रमात आईसाठी नोकरी पाहिली होती. ईस्टर झाल्यावर लगेच हजर व्हायचं होतं.

"तमारा आणि नादेज्दा तिथंच आहेत," ती अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "म्हणजे बघ, आपलंच हॉस्पिटल तिकडे भरलंय. मंत्रालयाचं चारित्र्याचं पत्रसुद्धा आलं माझं, त्याला शिक्काही मारून झाला. आता एवढा डिप्लोमा राहिलाय. दोन झेरॉक्स दे, आणि खिडकीवर नेण्याआधी याला छान जाड प्लास्टिक घाल. इटालियन लोक टापटिपीचे. असा चुरगळलेला कागद पाहून काय म्हणतील?"

एफिमियाची नजर भिंतीवरच्या बोर्डाकडे गेली. मग ती शांतपणे अंगातला कोट उतरवू लागली. दुकानात बोटं गारठायची वेळ होती, तरी तिनं तो उतरवला आणि बोर्डाच्याच खिळ्याला अडकवला. दोन्ही भाषा झाकल्या गेल्या.

"एकदा घातलं की निघत नाही हं, आग्लाया."

"निघू नये म्हणूनच तर घालतात!"

"नंतर माझ्या नावानं ओरडू नकोस. निघत नाही म्हणजे नाही."

"तू अजून तश्शीच! पेशंटला चार वेळा विचारायचीस आणि मग सुई टोचायचीस. घाल गं मुकाट्यानं."

रांगेतल्या एका म्हातारीनं सूर्यफुलाच्या बिया चघळता चघळता तोंड उघडलं. "पण बाई, प्लास्टिकवर तो शिक्का—"

"आज्जी, तुमचं भाषांतर झालंय," एफिमिया म्हणाली. "आतल्या टेबलावर आहे. या, तुम्हीच बघून घ्या नावं बरोबर आहेत का."

म्हातारी आत गेली. एफिमियानं यंत्र तापवलं. डिप्लोमा दोन पारदर्शक पापुद्र्यांमध्ये ठेवताना तिचे हात असे हळुवार चालले, की बाळाला दुपट्यात गुंडाळतेय असं वाटावं. एक सुरकुती राहू दिली नाही. कागद एका बाजूनं आत गेला आणि दुसऱ्या बाजूनं ऊनऊन, चकचकीत, कायमचा निकामी होऊन बाहेर आला. गेल्या अकरा वर्षांत कुठल्याच कामात तिला एवढी गोडी वाटली नव्हती.

"वा!" आग्लाया म्हणाली. "हात चांगला आहे तुझा अजून."

"असणारच."

काचेतून एफिमियानं तिला रस्ता ओलांडताना पाहिलं. डिप्लोमा तिनं आरशासारखा छातीशी धरला होता. एफिमियानं कोट परत अंगात घातला, पुढच्या माणसाचा फोटो काढला, त्याच्या पुढच्या बाईचं लग्न शिवलं. तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"शिक्का कुठे मारू म्हणे! तुमच्या कपाळावर मारू का, म्हणते ती!" आग्लायाचा चेहरा बीटाच्या बोर्शसारखा लाल झाला होता. मग तिची नजर भिंतीवर गेली. आता कोट नव्हता, बोर्ड होता. तिनं तो वाचला. ओठ हलवत, पुन्हा एकदा वाचला.

"तुला माहीत होतं."

"होतं."

"तू सगळं जाणूनबुजून—"

"तू विचारलं नाहीस, आग्लाया. तुला सवय नाही विचारायची."

आपल्या माणसांना दुसऱ्याची अडचण पाहून गप्प बसवत नाही. लगेच सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, हेअर ड्रायरनं सैल करा. कुणी म्हणालं, वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवा. आतून म्हातारी परत आली ती म्हणाली, "फ्रीजरमध्ये ठेव बाई रात्रभर. आमच्या जावयाचा जन्मदाखला ठेवला होता. प्लास्टिक निघालं."

"खरंच?"

"हो. जन्मतारीखही निघाली त्याच्याबरोबर. आता पेन्शन अडलीये."

आग्लायानं फ्रीजर केला आणि इस्त्रीही केली, हे दुसऱ्या दिवशी साऱ्या गावाला ठाऊक झालं. इस्त्रीनंतर डिप्लोमा म्हणे कडांनी असा फुगला, की कोबी भरून तळलेली प्लाचिंता समजून कुणी चावला असता.

आता उरली दुसरी प्रत. ती मिळायची मेडिकल शाळेच्या दफ्तरातून, आणि रीतसर गेलं तर त्यासाठी वर्तमानपत्रात जाहिरात, अर्ज आणि मग नुसती वाट. उन्हाळा तिथंच उजाडला असता आणि वृद्धाश्रम कुणासाठी उन्हाळ्यापर्यंत थांबणार नव्हता. दफ्तर सांभाळायची मेलानिया. ही मेलानिया एफिमियाच्या मुलाची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या वेळी जिनं मूल हातात धरलं, ती सख्ख्या बहिणीहून जवळची. तिच्या शब्दानं जी दारं उघडतात ती मंत्र्याच्या चिठ्ठीनंही उघडत नाहीत, आणि बंदही होतात तशीच. आग्लायानं मेलानियाकडे कोन्याकची बाटली आणि चॉकलेटचा मोठा डबा धाडला. संध्याकाळी मेलानियाचा फोन आला.

"चॉकलेटं आलीयेत गं. काय करू?"

"खा."

"आणि कोन्याक?"

"तो नवऱ्याला दे. प्रत मात्र रीतसर, रांगेनं."

दोन आठवड्यांनी, दुकान बंद करायच्या वेळेला, आग्लाया आली. या वेळी ओणवी झाली नाही. ग्राहकांच्या स्टुलावर बसली आणि हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"किती हवेत?"

"पैसे नकोत."

"मग काय हवंय तुला, फिमा? स्पष्ट बोल एकदाचं."

"पाच मिनिटं."

"कसली?"

"सोमवारची. मला उभं केलंस तिथंच उभी राहा आणि कुप्या कुणी नेल्या ते तुझ्या तोंडानं सांग. आणि त्याआधी नोटरीसमोर लिहून सही. तोंडचं बोलणं हवेत जातं, हे मला या धंद्यानं शिकवलंय."

आग्लायानं हातमोज्यांच्या बोटांत बोटं घातली. "तो किंचाळायचा गं."

"ऐकू यायचं. भिंतीपलीकडेच होते मी."

"मग तुला कळत नाही?"

"कळतं. म्हणून तर. येऊन मागायच्या होत्यास."

"आणि तू नाही म्हणाली असतीस तर?"

"तर निदान माझा राग करायला तुला काही कारण मिळालं असतं. फुकटात का केलास?"

आग्लायाचे डोळे खाली गेले नाहीत. ते हिशोब करत होते, आणि एफिमियाला असे डोळे बरोबर ओळखू येत. ही तर चाललीच आहे, तिनं ताडलं. मंत्रालयाचं पत्र पिशवीत, राजीनामा खिशात. इथल्या सोमवारची हिला काय पडलीये? मनात हे खटकलं, पण तिनं ते झटकून टाकलं. एवढ्या वर्षांनी पुढ्यात आलेलं पान कुणी ढकलून देत नाही.

"ठीक आहे," आग्लाया म्हणाली. फार लवकर म्हणाली.

नोटरीकडे कागद झाला. मेलानियानं प्रत काढून दिली, तीही इतक्या चपळाईनं, की तिच्या वरिष्ठांना सहीला पेन शोधेपर्यंत धाप लागली. प्रत एफिमियानं आपल्या पर्समध्ये ठेवली. आधी सभा, मग प्रत.

सोमवारी तिनं निळा ड्रेस घातला. केस आदल्या दिवशीच रंगवले होते. रोज रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं ही सभा इतकी वेळा भरवली होती, की कुणाकडे किती वेळ पाहायचं तेही ठरलेलं होतं. रईसाकडे आधी, खुर्चीकडे नजर टाकून. तमाराकडे पाहायचं आणि हसायचं नाही. पोगोर डॉक्टरांकडे सगळ्यात शेवटी, ते स्वतःच नजर खाली घालेपर्यंत. तिच्या त्या सभेतून कुणी कधी परदेशी गेलेलंच नव्हतं.

सभागृहात ती मागच्या रांगेत बसली आणि चेहरे शोधू लागली. सगळ्या पोरी. कोवळ्या, नखं रंगवलेल्या, टेबलाखाली फोन धरलेल्या. रईसा नव्हती. तमारा नव्हतीच. पोगोरांच्या खुर्चीत एक दाढीवाला तरुण बसला होता आणि तो डुलक्याही घेत नव्हता.

आग्लाया उठली. आज कँटीनमध्ये काय आहे ते सांगावं तशा आवाजात तिनं वाचलं. अमुक साली मॉर्फीनच्या चार कुप्या आपण नेल्या, एफिमिया कोजोकारू यांचा त्यात काही हात नव्हता, आपल्याला खेद आहे.

"बरं," दाढीवाला म्हणाला. "जुनं प्रकरण दिसतंय. नोंद घेतली. पुढे, बॉयलरचं काय झालं?"

एफिमियाच्या पुढच्या खुर्चीवरची पोरगी शेजारणीच्या कानाशी लागली. "कोण गं ही एफिमिया?"

"असेल कुणी जुनी. वारली असेल बिचारी, म्हणून आत्ता वाचलं."

बॉयलरवर मात्र जोरदार चर्चा झाली.

कॉरिडॉरमध्ये आग्लायानं हात पुढे केला. "आण."

एफिमियानं पर्स उघडली आणि प्रत तिच्या हातावर ठेवली. दिलेला शब्द तिनं कधी मोडला नव्हता.

आग्लायानं कागद उजेडात धरून पाहिला, घडी न घालता फाईलमध्ये सरकवला, आणि मग तिचा चेहरा एकदम सैल झाला. आता कुणाचं काही देणं लागत नाही असा.

"झालं समाधान? अगं, इथं तुला ओळखतं कोण? तुझी माणसं तिकडे आहेत. पोगोर हैफाला. रईसा लिस्बनला. तमारा आणि नादेज्दा पादोव्हाला. त्यांना अजून वाटतं तूच नेल्यास. परवाच तमारा फोनवर विचारत होती, ती चोरटी अजून कागद चिकटवते का म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, चिकटवते." आग्लायानं हातमोजे चढवले. "गुरुवारच्या बसनं निघतेय. तिकडे तुझी आठवण काढू हं आम्ही."

ती गेल्यावर एफिमिया खिडकीच्या कठड्याला टेकून उभी राहिली. रईसाचे कागद तिनंच शिवले होते. तमाराच्या फोटोतला डाग तिनं स्वतः पुसला होता. पोगोर घाईत होते म्हणून त्यांचं काम आधी करून दिलं होतं आणि सुखरूप पोहोचा असंही म्हणाली होती. तिच्या बदनामीचे सगळे साक्षीदार तिनं स्वतःच एकेक करून, नीट गाठ मारून, परदेशी पाठवले होते. इथं उरले होते ते फक्त बॉयलरवाले.

ती तिथून नोटरीकडे गेली आणि आग्लायाच्या त्या जबाबाच्या शिक्क्यानिशी तीन प्रती मागितल्या. मग दुकानात न जाता तीन नंबरच्या खिडकीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

रांगेत सगळे ओळखीचे. "अरे, एफिमियाबाई! तुम्हीसुद्धा चाललात?"

"मी नाही. माझं नाव चाललंय."

पुढे, खिडकीपासून दुसरी, आग्लाया उभी होती. तिनं आवाज ऐकून मान वळवली, हसली, परत पुढे पाहू लागली. मग हळूहळू तिच्या डोक्यात काहीतरी शिरलं असावं. डिप्लोम्याचं काम उरकून पावती घेतल्यावर ती दाराकडे गेली नाही. भिंतीशी थांबून राहिली.

एफिमियाचा नंबर आला. तिनं तिन्ही प्रती खिडकीतून सरकवल्या.

खिडकीतल्या बाईनं वाचायला सुरुवात केली आणि वाचता वाचता तिच्या भुवया वर चढल्या. "हे... अपोस्टीलला?"

"अपोस्टीलला."

"देश कोणता लिहू?"

"एकावर पोर्तुगाल. एकावर इस्रायल." एफिमियानं काचेतून वरच्या प्रतीकडे बोट दाखवलं. "आणि वरच्यावर इटली. पादोव्हाच्या वृद्धाश्रमाला जायचाय तो. मुख्य बाईंना एक, आणि तिथल्या दोन सिस्टरना झेरॉक्स. इटालियन भाषांतर मी करून घेते, ते माझ्याकडे स्वस्तात होतं."

आग्लाया खिडकीशी आली. तिनं एफिमियाची बाही धरली. "फिमा, असं करू नकोस. मला ठेवणार नाहीत. आणि ठेवलं तरी... रोज त्यांच्यासमोर, त्यांच्याबरोबर जेवायचं, त्यांच्याबरोबर पाळी करायची. सगळ्यांना माहीत असताना मी तिथं कशी राहू?"

"मी इथं राहिलेच की."

"अकरा वर्षं झाली गं त्याला! मी म्हणाले ना उभं राहून सगळ्यांसमोर!"

"ज्यांच्यासमोर मला उभं केलंस, त्यांच्यासमोर नाही म्हणालीस."

मागून कुणीतरी ओरडलं, "बायांनो, भांडण बाहेर करा! माझी आज शेवटची तारीख आहे!" पण रांग जागची हलली नाही, कारण रांगेला ऐकायचं होतं.

एफिमियानं आपली बाही सोडवून घेतली. जोरानं नाही. पेशंटचा हात सोडवावा तशी, एकेक बोट.

खिडकीतल्या बाईनं शिक्क्याची पेटी पुढे ओढली. "साधं की अर्जंट? साध्याला आठवडा लागेल."

"अर्जंट," एफिमिया म्हणाली. "आजच द्या. उद्या मंगळवारची बस जाते पादोव्हाला, ड्रायव्हर पार्सल घेतो. मला ती गाठायची आहे."